दरीकडचा उतार : डोंगरावरच्या गोल्फ मैदानाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकात डोंगरावरच्या रिसॉर्टांमधली गोल्फ मैदानं कशी आखतात यावर मी लिहिलं होतं. सोलापुरात गोल्फवरचं कोण वाचणार, असं संपादकांचं म्हणणं होतं. आता पत्रांची पिशवी बघून ते गप्प आहेत. मी खेळाडू नव्हे, हे आधीच सांगतो. नोकरीभर मैदानांच्या पोटातले पाइप आणि निचऱ्याचे चर सांभाळले, त्यातली बरीच वर्षं हिमाचलात आणि निलगिरीत गेली. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात घर केलं. तेव्हा ‘माझा फटका उजवीकडे का जातो’ अशा पत्रांना इथं उत्तर मिळणार नाही. माती, पाणी आणि उतार यांचं काहीही विचारा.

मे महिन्यात कुटुंबासह काश्मीरला गेलो होतो. गुलमर्गच्या गोल्फ मैदानावर एकानं सांगितलं, इथं मारलेला चेंडू खालच्या मुलखापेक्षा लांब जातो. खरं आहे की टुरिस्ट बघून मारलेली थाप?
— चादरीचे व्यापारी, चाटी गल्ली

थाप नाही, शेठ. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रकाठापेक्षा जवळजवळ पाव हिस्सा विरळ. हवा विरळ म्हणजे चेंडूला होणारा अडथळा कमी. मुंबईत २०० यार्ड जाणारा फटका तिथं २२० च्या आसपास जातो, म्हणजे दहा टक्क्यांची वाढ धरा. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरच्या वर असलं तरी तेवढ्यानं फारसा फरक पडत नाही.

पण या दहा टक्क्यांत एक मेख आहे. गोल्फचा चेंडू उलटा फिरत जातो आणि त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलते. हवाच विरळ असेल तर उचलही कमी मिळते. मग चेंडू लांब जातो खरा, पण खाली येताना सरळ टपकत नाही. तिरका येतो, आपटतो आणि पुढं पळतो. त्यामुळे उंचावर मैदान आखणारा शहाणा असेल तर ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, तोंडाशी वाळूचा खड्डा आडवा घालत नाही. चेंडूला अलीकडे टप्पा घेऊन आत यायला वाट ठेवतो आणि ग्रीनही मागं जरा खोल करतो. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन पुढं मैदानं आखू लागला. गुलमर्गच्या मैदानाची आखणी त्यानंच केली होती. पुढं त्यात बदल झाले, पण उंची तीच आहे आणि हवाही तीच.

तिथं संध्याकाळी गारठा पडला की हवा थोडी दाट होते आणि दुपारी मिळालेल्या वाढीतला काही भाग परत जातो. तुम्हाला सांगणाऱ्यानं हे बहुधा सांगितलं नसेल.

माझा भाचा सैन्यात आहे, निलगिरीतल्या वेलिंग्टनला. त्याच्याबरोबर मैदानावर फिरताना एक चमत्कार पाहिला. ग्रीन डोळ्यांना डोंगराच्या बाजूला उतरती दिसत होती, तरी चेंडू उलट दरीच्या बाजूला वळला. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण हे पटेना.
— निवृत्त शिक्षक, मुरारजी पेठ

गुरुजी, तुम्हीच विद्यार्थ्यांना शिकवलेलं गुरुत्वाकर्षण तिथंही चालू आहे. फसले ते डोळे.

असं समजा, सगळा डोंगर दरीच्या बाजूला शंभराला सहा असा उतरतोय. त्यात आखणाऱ्यानं ग्रीन बसवली, तिला दरीच्याच बाजूला शंभराला दोन असा उतार दिला. तुम्ही तासभर त्या सहाच्या उतारावर चालताय. झाडं, कुंपण, फेअरवे म्हणजे मधला खेळायचा गवताचा पट्टा, सगळं त्याच कलात. डोळा त्या सहालाच सपाट मानून बसतो. मग दोनचा उतार त्याला शंभराला चार असा उलटा, म्हणजे डोंगराकडे कललेला वाटतो. चेंडूला तुमच्या सवयीशी देणंघेणं नाही. तो दोनच्या खऱ्या उतारानं दरीकडे जातो. घाटात कधीकधी पुढचा रस्ता चढाचा दिसतो आणि गाडी न्यूट्रलमध्येही पुढं सरकते, त्याचं कारण हेच.

डोंगरातले जुने कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे, याची चर्चा करत बसत नाहीत. खेळाडू ग्रीनवर वाकून, एक डोळा मिटून अंदाज घेत असतो तेव्हा ते हातानं दरी दाखवतात आणि गप्प उभे राहतात. आम्ही ग्रीनची पातळी तपासायचो ती गवंड्याच्या पारदर्शक नळीनं, दोन्ही टोकांना पाणी बघून. यंत्रं होती, पण साहेब लोक यंत्रावर वाद घालायचे. नळीतल्या पाण्याशी कुणी वाद घालत नसे.

आखणारे या फसवणुकीचा मुद्दाम वापरही करतात. मात्र जिथं होलचा कप, म्हणजे चेंडू जायचा खड्डा, बसवायचा ती जागा दोन-तीन टक्क्यांच्या वर कलती चालत नाही. गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. त्याहून जास्त कल दिला तर चेंडू कपाजवळ थांबतच नाही, ग्रीन सोडून खाली जातो. माणूस परत वर मारतो, तो परत खाली. एक-दोनदा गंमत वाटते, तिसऱ्यांदा तक्रार येते.

सर, मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या लेखात ग्रीनखाली वाळू आणि खडी घालतात असं होतं. एवढा खर्च कशाला? चांगला मुरूम टाकून, रोलर फिरवून वर लॉन लावलं तर चालणार नाही का?
— विद्यार्थिनी, विजापूर रोड

तुझा प्रश्न सगळ्यांत आवडला, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मुरूम दाबला की घट्ट होतो, आणि रस्त्याला तेच हवं असतं. गवताला नको. ग्रीनवर रोज शेकडो पावलं पडतात. वर यंत्र फिरतं. साधी माती असेल तर महिन्याभरात ती इतकी दबते की मुळांना हवा मिळत नाही. आपली काळी माती तर आणखी अवघड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मुळांचा थर वाळूचा करतात. वाळूचे कण एकमेकांवर टेकतात, दबत नाहीत, मधली पोकळी राहते.

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये याची एक रीत प्रसिद्ध केली. पुढं तिच्यात सुधारणा झाल्या, पण गाभा तोच आहे. सर्वांत खाली पक्की केलेली जमीन, तिच्यात चर खणून छिद्रांचे पाइप. त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी. खडीवर ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण. आणि वर गवत.

आता खरी गंमत. खाली खडी असल्यानं पाणी भर्रकन निघून जात असेल, असं कुणालाही वाटेल. जात नाही. बारीक वाळूतलं पाणी मोठ्या खडीत सहज उतरत नाही. वाळूच्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात आणि सीमेपाशी ओलाव्याचा एक थर तयार होतो. तो पुरता भरला, वरून आणखी पाणी आलं, की मग ते खाली पाझरतं. घरी करून बघ. भांडी घासायचा नवा स्पंज पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धर, थोडं गळून थांबेल. तोच उभा कर, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, उंची बदलली. ३० सेंटिमीटरचा आकडा या उंचीच्या हिशेबातून आलाय. थर पातळ झाला तर ग्रीन चिखलते, जाड झाला तर वरचं गवत तहानेनं पिवळं पडतं. डोंगरात हे फार जपावं लागतं, कारण ग्रीनला कल असतो. वरच्या कडेला वाळू सुकते आणि खालच्या कडेला पाणी साचतं. एकाच ग्रीनवर दुष्काळ आणि दलदल दोन्ही.

खडी धुतलेलीच हवी. ट्रक आला की मी आधी बादलीत पाणी घ्यायचो, ओंजळभर खडी टाकून ढवळायचो. पाणी चहाच्या रंगाचं झालं की ट्रक परत. ड्रायव्हर शिव्या घालायचा, कारण घाट चढून आलेला असायचा. पण त्या खडीतली धूळ दोन पावसात पाइपच्या छिद्रांत बसते आणि मग सगळी ग्रीन उकरावी लागते. कॉलेजात चाळणी विश्लेषण शिकवतात ना, ते पाठ करून सोडू नकोस. या कामात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

गवताचं थोडक्यात. थंड डोंगरात बेंट नावाचं बारीक पात्याचं गवत लावतात. त्याला पंधरा ते पंचवीस अंश मानवतं. उष्ण मुलखात बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, तिच्या निवडक आणि संकरित जाती. तुझ्या आजीनं शेतातून जी उपटून टाकली तिचीच चुलत बहीण क्लबात मोठ्या मानानं राहते.

मैदान आखताना डोंगराचा देखावा आधी बघतात का? आम्ही रिसॉर्टच्या जाहिरातीत बघतो ते सगळं हिरवं आणि मागं बर्फ.
— गृहिणी, होटगी रोड

देखावा फुकटचा असतो, ताई. तो कुठं पळत नाही. आधी सपाट जागा शोधतात, कारण डोंगरात दुष्काळ तिचाच. समोच्च रेषांचा नकाशा पसरून जिथं जिथं रेषा विरळ दिसतात तिथं खुणा करायच्या. त्या होतात ग्रीनच्या आणि टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या, जागा. मग त्यांना जोडत जायचं. चांगला आखणारा चढ खेळात ठेवत नाही, एका ग्रीनवरून पुढच्या टीवर जायच्या पायवाटेत लपवतो. माणूस गप्पा मारत वर चढतो आणि फटका मारताना नेहमी खाली बघतो. नवशिक्या आखणाऱ्याचं मैदान ओळखायचं असेल तर शेवटच्या होलवर जा (टीपासून ग्रीनपर्यंतचा एक टप्पा म्हणजेही एक होल). क्लब हाऊस टेकडीच्या माथ्यावर बांधलेलं असतं आणि दमलेल्या माणसांना शेवटी चढ चढावा लागतो.

दुसरं काम पाण्याचं. डोंगर वर आहे म्हणजे त्याचं सगळं पाणी तुमच्या फेअरवेवर येणार. फेअरवेच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून ते अडवायचं, बाजूच्या ओढ्यात सोडायचं. चर झाला नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात फेअरवेच ओढा होतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी मालकाला तो चर देखाव्यात खुपत होता. त्यानं बुजवून गवत लावलं. सांगून उपयोग झाला नाही. जुलैत खालच्या बंकरमधली, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातली, पांढरी वाळू गावातल्या रस्त्यावर पोचली.

आता देखाव्याचं. कॅनडाच्या स्टॅन्ली थॉम्पसननं रॉकी पर्वतात जॅस्परचं मैदान केलं, ते १९२५ मध्ये खुलं झालं, आणि १९२८ मध्ये बॅन्फचं. जॅस्परला उभं राहिलं की होलची दिशा समोरच्या एखाद्या शिखरावर रोखलेली दिसते. त्याचे बंकर बघा. वाळूच्या कडा मागच्या शिखरांच्या रेषेसारख्या वरखाली कापलेल्या आहेत. बॅन्फचा चौथा होल तर फार गाजलेला. उंचावर टी, मध्ये हिमनदीचं तळं, पलीकडे ग्रीन आणि मागं उभा कडा. या होलला ‘डेव्हिल्स कॉल्ड्रन’ म्हणतात. एवढ्या प्रचंड डोंगरापुढं ग्रीन जवळ वाटते, म्हणून खेळाडू कमी ताकदीनं मारतो आणि चेंडू तळ्यात.

अंतर फसवण्याची कला ॲलिस्टर मॅकेन्झीनं आणखी पुढं नेली. तो मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथं बोअर लोक खंदक कसे लपवतात हे त्यानं पाहिलं. पुढं अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल मैदान त्यानं नामवंत खेळाडू बॉबी जोन्सबरोबर आखलं. बंकर ग्रीनला चिकटलेला दिसतो, प्रत्यक्षात मध्ये बरीच मोकळी जागा असते, उठावामागं झाकलेली. डोंगरात हे सहज जमतं, कारण उठाव आयते मिळतात.

जाहिरातीत न दिसणारी गोष्ट म्हणजे सावली. देवदाराच्या उंच झाडीत ग्रीन घातली आणि पूर्वेचं ऊन अडलं, की हिवाळ्यात दहिवर उशिरापर्यंत विरघळत नाही. गोठलेल्या पात्यावर पाय पडला तर पात्याच्या पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. त्यामुळे माळी खेळाडूंना अडवून उभा असतो आणि रिसॉर्टचा मॅनेजर त्याच्यावर ओरडत असतो. शिमल्याजवळ नालदेहऱ्याचं मैदान देवदारांतच आहे. लॉर्ड कर्झनला ती जागा इतकी आवडली की धाकट्या मुलीच्या नावात त्यानं नालदेरा घातलं. झाडं तोडायची नाहीत आणि गवतही जगवायचं, ही तिथल्या माळ्यांची रोजची कसरत.

होल अठराच का?
— आठवीतला विद्यार्थी, अशोक चौक

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला आधी एका फेरीत बावीस होल खेळायचे. १७६४ मध्ये काही छोटे होल एकत्र केले आणि अठरा झाले. पुढं सगळ्यांनी त्यांचंच बघून केलं. व्हिस्कीच्या बाटलीत अठरा पेग बसतात म्हणून अठरा, ही कथा वडिलांचे मित्र सांगतील. ती खोटी आहे.

आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. अशा गावच्या मासिकात गोल्फच्या हिरवळीवर लिहिताना काही वाटत नाही का?
— एक वाचक, भवानी पेठ

वाटतं. म्हणून हिशेबच मांडतो.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. अठरा होलच्या मैदानात साधारण २५ हेक्टर गवताला पाणी द्यावं लागतं असं धरा. रोजची गरज पाच मिलिमीटर, आपल्या मे महिन्यात तर त्याहून जास्तच. म्हणजे दिवसाला साडेबारा लाख लिटर. शहरात माणशी १३५ लिटरचा निकष असतो. त्या हिशेबानं नऊ हजारांवर माणसांचं रोजचं पाणी झालं. डोंगरातल्या मैदानाचं दुखणं पाणी घालवायचं असतं, इथलं आणायचं. सोलापुरात अठरा होलची हिरवळ उजनीच्या पाण्यावर करावी असं मी कधीच म्हणणार नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरलं तर बोलता येईल, तेही शहराची बाकीची गरज भागल्यावर.

हिरवळीशिवायही गोल्फ होतं, हे मात्र फार जणांना ठाऊक नाही. आपल्याकडच्या कोरड्या छावण्यांत ग्रीनऐवजी ब्राऊन असायचे. बारीक वाळू चाळून गोल अंथरायची, उडू नये म्हणून तेल मिसळायचं, दाबायची. खेळाडू पुढं गेला की माळी बाजूला ठेवलेला लाकडी पाट ओढत पावलं पुसायचा. जळकं ऑइल जमिनीत मुरतं, म्हणून आता ते नको, पण चापून ओली केलेली वाळूही चालते. चेंडू त्यावर छान, सरळ पळतो. फेअरवे म्हणजे आहे तो माळ.

बार्शी तालुक्यात बालाघाटच्या उतारावर आमची २२ एकर मुरमाड जमीन आहे. एक पार्टी ‘हिल रिसॉर्ट विथ गोल्फ’ करायचं म्हणते. १८ होल करणार म्हणतात. द्यावी का?
— शेतकरी, बार्शी

दादा, जमीन द्यावी की नाही हे वकील आणि घरची माणसं ठरवतील. मी फक्त मैदानाचं सांगतो. अठरा होलला सपाट मुलखातही सव्वाशे-दीडशे एकर लागतात. डोंगरात अधिक, कारण कडे आणि ओढे वापरता येत नाहीत. २२ एकरांत अठरा होल बसवणारा माणूस एकतर गोल्फ जाणत नाही किंवा तुम्हाला अडाणी समजतो. तेवढ्यात नऊ होलचं छोटं मैदान बसेल, प्रत्येक होल तीन फटक्यांचा. तेही नीट आखलं तर.

त्यांना पहिलं विचारा, एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणणार. ‘बोअर मारू’ हे उत्तर आलं तर शेजारच्या विहिरवाल्यांना सोबत घेऊन पुढच्या बैठकीला बसा. शेततळं म्हणाले तर किती लाख लिटरचं आणि पावसाचं किती पाणी त्यात येणार, ते कागदावर मागा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाचशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. दुसरं, उताराचं पाणी वळवून ते कुणाच्या बांधावर सोडणार. तुमच्या खाली ज्यांची शेती आहे त्यांना हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर रिसॉर्टवाले राहतील बाजूला आणि भांडण तुमच्या घरी येईल. तिसरं, वरची माती. मुरमावर तुमच्याकडे असेल वीतभर माती. काम सुरू होताना ती खरवडून वेगळा ढीग लावणार की भरावात गाडणार? गाडली तर पुढं त्या जमिनीवर कुसळही धड उगवणार नाही, आणि पार्टी निघून गेली तर तीच जमीन तुमच्या गळ्यात.

नकाशा दाखवतील तेव्हा समोच्च रेषा किती मीटरच्या आहेत ते बघा. एक मीटरच्या असतील तर निदान मोजणी केलीय. पाच किंवा दहा मीटरच्या असल्या तर तो कॉम्प्युटरवरून उतरवलेला नकाशा आहे, जागेवर कुणी आलेलंच नाही. एक मीटरचा मिळाला तर त्याची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. चर कुठून काढायचा ते मी पेन्सिलीनं आखून देईन, पैसे नकोत.